पत्रावर लाखेची मोहोर : टपालाचा प्रवास सोसेल अशी

"पत्र पोचलं गं, पण पाकिटाच्या मागे काय लावलं होतंस? लाल चुरा झालाय नुसता."

मावशीचा हा फोन आला तेव्हा मला रडायचंच बाकी होतं. तिला मी पहिल्यांदाच मोहोर लावलेलं पत्र पाठवलं होतं. त्या मोहोरेसाठी अख्खी संध्याकाळ गेली होती, तीन पाकिटं वाया गेली होती. चौथ्या पाकिटावर मोहोर अशी काही सुरेख उठली की ते टपालपेटीत टाकायला हात धजत नव्हता. मावशीच्या हाती मात्र एक तांबडा डाग आणि त्याच्या कडेला धरून राहिलेल्या दोन कपच्या एवढंच पोचलं.

मोहोर उठवण्यात माझं काही चुकलं नव्हतं. लाख चुकीची घेतली होती, आणि टपालात पत्रावर काय काय बेततं याचा विचारच केला नव्हता. त्यानंतर मी बरीच पत्रं मोहोर लावून पाठवली आणि आता ती धड पोचतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझ्यासारखं चुकतमाकत शिकावं लागू नये, म्हणून सगळं क्रमाने सांगते.

लाख आणि मेण

बाजारात ही वस्तू 'सीलिंग वॅक्स' म्हणून मिळते, त्यामुळे पुष्कळांना वाटतं की मेणबत्ती वितळवली तरी काम भागेल. भागत नाही. मेणबत्तीचं मेण कागदात झिरपतं, भोवती तेलकट कडं उमटतं, आणि ठसा थंड झाला की नखाने उचकटून येतो. रंगीत खडूंचंही तेच. लहान मुलांचे मेणखडू वितळवून मोहोर करण्याचे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. पण तशी मोहोर टेबलावर ठेवून बघण्यापुरतीच. टपालात टाकायची असेल तर तो नाद सोडा.

आपला 'लाख' हा शब्द यात जास्त खरा आहे. युरोपात मध्ययुगीन काळात मोहोरेसाठी मधमाशांचं मेण आणि लार्च झाडाचा चीक वापरत. सोळाव्या शतकापासून तिथे लाखेच्या कांड्या आल्या, आणि नाव मात्र मेणाचंच राहिलं. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्यांच्या अंगातून पाझरणारी राळ. तापवली की मऊ होते, निवली की दगडासारखी घट्ट बसते आणि कागदाला सोडत नाही. तिच्यात हिंगूळ घातला की तो ओळखीचा लालभडक रंग यायचा. हिंगुळात पारा असतो, म्हणून जुनी कांडी कुठे सापडली तर ती वितळवू नका, जपून ठेवा.

या अस्सल लाखेचा, आणि राळेच्या स्वस्त कांड्यांचाही, एक स्वभाव आहे. ती कडक असते, पण ठिसूळ असते. मोहोर उघडल्याचं लपू नये म्हणून पूर्वी हाच तिचा गुण होता; वाकवली की तुटलीच पाहिजे. आज नेमका हाच गुण टपालात नडतो. माझ्या मावशीच्या पत्रावर होती ती अशीच, पार्सलच्या गाठींवर लावतात ती कांडी.

पत्रासाठी हवी ती लवचिक लाख. हिच्यात प्लास्टिकच्या जातीचा चिवट घटक मिसळलेला असतो, त्यामुळे ती निवल्यावरही थोडी वाकते. घेताना वेष्टनावर 'फ्लेक्सिबल' किंवा 'टपालासाठी योग्य' असं काही लिहिलंय का ते बघा. आणि लिहिलेलं असलं तरी घरी पारख करा. थोडी लाख बटर पेपरवर ओतून चकती करा, पूर्ण थंड होऊ द्या, मग दोन बोटांत धरून हळूहळू वाकवा. चकती कमानीसारखी वाकून परत सरळ झाली तर ती लाख टपालाची. कट्कन तुटली तर ती हाताने द्यायच्या पत्रासाठी वेगळी काढा.

पत्राच्या वाटेत काय काय येतं

हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच नीट जमत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

पत्र जिथे यंत्रावर निवडलं जातं तिथे ते उभं, कडेवर, दोन पट्ट्यांच्या चिमटीत धरून पळवलं जातं. अशी यंत्रं तासाला तीस हजारांच्या वर पत्रं हाताळतात. पट्टे सरळ रेषेत जात नाहीत. ते फिरत्या रुळांना (रोलरना) वळसे घालत जातात आणि पाकीटही त्या वळणावर वाकतं. कागद वाकतो. लाखेची चकती जितकी जाड आणि जितकी मोठी, तितकी ती वाकायला नकार देते. मग तीनपैकी एक होतं. मोहोर तडकते, किंवा अख्खी निघून येते, किंवा ती जागीच राहते आणि पाकीट तिच्याभोवती फाटतं. क्वचित पाकीट यंत्रात अडकतं आणि मागून येणारी दुसऱ्यांची पत्रंही चुरगळतात. हे शेवटचं मला फार लागतं. आपल्या हौसेपायी दुसऱ्या कुणाचं पत्र फाटू नये.

यंत्र नसलं तरी गठ्ठे बांधले जातात, पोती आपटली जातात, आणि एका पत्रावर शंभर पत्रांचं ओझं येतं. उन्हात उभी असलेली टपालपेटी आतून चांगलीच तापते. तिथे लवचिक लाख नरम पडून शेजारच्या पाकिटाला चिकटू शकते. उलट कडक थंडीत तीच लाख आखडते आणि ठिसूळ होते.

म्हणून टपालखाती जाडीच्या मर्यादा घालतात. ब्रिटनमध्ये साध्या पत्राची जाडी ५ मिलिमीटरच्या आत लागते, अमेरिकेत पाव इंचाच्या, म्हणजे साधारण ६.३ मिलिमीटरच्या आत. आणि तिथे जाडी सगळीकडे सारखी नसलेलं पाकीट यंत्राला न चालणारं म्हणून वेगळं काढलं जातं, त्याला जादा पैसे पडतात. तुमच्याकडचा नियम टपालाच्या खिडकीवर एकदा विचारून घ्या. सोबत मोहोर लावलेलं एक पाकीट न्या आणि तेच दाखवून विचारा. तोंडी वर्णनापेक्षा हातातल्या पाकिटावर उत्तर नेमकं मिळतं.

काय काय लागतं

शिक्का पितळी घ्या. पितळ उष्णता पटकन ओढून घेतं, त्यामुळे लाख लवकर निवते आणि सुटून येते. बाजारात २५ मिलिमीटर व्यासाचे शिक्के सर्रास मिळतात आणि सगळे तेच घेतात. टपालासाठी मी १५ ते २० मिलिमीटरचा सुचवीन. लहान चकतीला रुळाच्या वळणावर कमी वाकावं लागतं, तिला लाख कमी लागते आणि ती पातळ राहते. दिसायलाही लहान मोहोर पत्राला जास्त शोभते असं माझं मत आहे. मोठी मोहोर सरकारी खलित्यासारखी दिसते.

नक्षी साधी निवडा. स्वतःच्या नावाचं आद्याक्षर कोरून घ्यायचं असेल तर रेघा ठसठशीत ठेवायला सांगा. देवनागरीत जोडाक्षरांच्या आतल्या बारीक पोकळ्या लाखेने बुजतात. 'क', 'म', 'स' अशी मोकळी अक्षरं स्वच्छ उठतात. कोरलेलं अक्षर शिक्क्यावर आरशात दिसावं तसं उलटं असलं पाहिजे, हे कारागिराला ठाऊक असतं, तरी पैसे देण्याआधी एकदा मळलेल्या मातीवर दाबून बघा.

आणखी एक बारीक काम आजच करून टाका. शिक्क्याच्या मुठीवर, अक्षराची शिरोरेघ ज्या बाजूला येते तिथे, रंगाचा एक ठिपका लावा. लाख ओतल्यावर शिक्का फिरवून वरची बाजू शोधायला वेळ नसतो. उलटी उठलेली मोहोर ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी हळहळ असते, आणि ती या एका ठिपक्याने टळते.

लाख तीन रूपांत मिळते. मणी, कांडी आणि ग्लू गनची, म्हणजे कांडी वितळवून थेंब सोडणाऱ्या पिस्तुलासारख्या उपकरणाची, कांडी. मण्यांपासून सुरुवात करा, कारण मणी मोजता येतात. आज किती घातले आणि मोहोर कशी उठली हे वहीत लिहून ठेवलं की उद्या तशीच उठवता येते. वात असलेली कांडी पेटवून थेंब पाडणं दिसायला फार छान, पण ज्योतीची काजळी लाखेत उतरते आणि रंग मळतो. ग्लू गनला फक्त कांडीची जाडी जुळली पाहिजे, मोठ्या गनला ११ मिलिमीटर आणि छोट्या गनला ७. एका बैठकीत पन्नास पाकिटं करायची असतील तर गनशिवाय पर्याय नाही. दोन-चार पत्रांसाठी चमचाच बरा.

बाकी सामान किरकोळ आहे. चोच असलेला छोटा पळीसारखा चमचा, लाकडी मुठीचा. टी-लाइट, म्हणजे वाटीतली बुटकी मेणबत्ती, आणि तिच्यावर चमचा धरायला लहानशी पण पक्की तिपाई. बर्फाची पिशवी, सुती फडकं, बटर पेपर, आणि हाताशी पाण्याचं भांडं. केस मोकळे असतील तर बांधून घ्या, ओढणीचा पदर मागे टाका. तापलेली लाख कातडीला चिकटून राहते आणि म्हणून साध्या चटक्यापेक्षा खोल भाजतं; भाजलंच तर लाख ओढून काढू नका, बोट आधी बराच वेळ गार पाण्याखाली धरा.

कागदाबद्दल एकच सांगणं. पाकीट खरखरीत, न चकाकणारं, १०० ते १२० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या. गुळगुळीत, चकाकीचा लेप दिलेल्या कागदाला लाख धरतच नाही. मोहोर सुंदर उठते आणि संध्याकाळपर्यंत आपणहून सुटून पडते.

मोहोर उठवताना

पाकीट आधी डिंकाने नीट चिकटवून घ्या. हे पुष्कळांना पटत नाही, मोहोर असताना डिंक कशाला असं वाटतं. पण टपालात पाकीट बंद ठेवण्याचं काम डिंकाचं आहे. मोहोर निघाली तरी पत्र आतच राहायला हवं.

पत्र आत असेल तर चिकटवण्याआधीच मोहोरेच्या जागेखाली एक जाड कागद सरकवा, नाहीतर उष्णतेने आतल्या शाईवर किंवा फोटोवर परिणाम होतो. झाकणाचं टोक जिथे टेकतं तिथे पेन्सिलने अगदी हलकी खूण करा. पितळी शिक्का बर्फाच्या पिशवीवर उपडा ठेवा.

आता मेणबत्ती पेटवा आणि चमच्यात मणी घाला. २५ मिलिमीटरच्या शिक्क्याला साधारण तीन छोटे मणी लागतात, लहान शिक्क्याला दोन. चमचा ज्योतीला टेकवू नका, ज्योतीच्या टोकाच्या किंचित वर धरा. टेकवला की बुडाला काजळी धरते आणि ती पुढे पाकिटावर उतरते. मणी कडेने मऊ पडायला लागतात, मग एकमेकांत मिसळतात. काडीने हळू ढवळा. मधासारखी संथ धार पडली की लाख झाली. बुडबुडे यायला लागले तर ती जास्त तापली आहे. चमचा बाजूला घ्या आणि बुडबुडे बसेपर्यंत थांबा. जास्त तापलेल्या लाखेचा रंग काळवंडतो आणि ती पातळ होऊन कागदावर वाटेल तशी पसरते.

ओतायच्या आधी शिक्का उचलून फडक्याने टिपून कोरडा करा. बर्फामुळे पितळावर दव धरतं. ते तसंच राहिलं तर प्रत्येक थेंबाचा एक खड्डा मोहोरेत उमटतो, देवीच्या व्रणासारखा.

लाख एकाच जागी, बोटभर उंचीवरून ओता. थारोळं शिक्क्याच्या तोंडापेक्षा थोडं लहान असू द्या, कारण दाबल्यावर ती बाहेर सरकून आपोआप काठ धरणार आहे. ओतलं की लगेच दाबू नका. इथेच सगळी मेख आहे.

लाखेकडे नीट बघा. ओतल्याक्षणी ती आरशासारखी चमकते, खिडकीचं प्रतिबिंबही तिच्यात दिसतं. पाच-सात सेकंदांनी कडेची चमक किंचित मंदावते, साय धरावी तशी. मधला भाग अजून ओला दिसतो. हाच क्षण. याआधी दाबलं तर लाख शिक्क्याखालून पळून जाते, मध्ये कागद दिसेल इतकी पातळ उरते आणि शिक्का चिकटून बसतो. उशीर केला तर अक्षर अर्धवट उठतं, काठ जाड आणि बेढब राहतो. हा क्षण किती सेकंदांनी येतो ते लाखेवर आणि हवेवर अवलंबून आहे, म्हणून घड्याळापेक्षा चमकेवर भरवसा ठेवा.

ठिपका वर ठेवून शिक्का सरळ खाली आणा. जोर लावायची गरज नसते, पितळाचं वजन आणि हाताचा अलगद भार पुरतो. एका बाजूला कललेला शिक्का म्हणजे एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी पातळ मोहोर. टपालात ती पातळ बाजूच आधी तुटते. एकदा टेकवला की फिरवू नका, उचलून बघू नका. वीस-तीस सेकंद तसाच राहू द्या. मग मूठ धरून अगदी हलकं डोलवा. लाख तयार असेल तर एक बारीकसा टक् आवाज येतो आणि शिक्का हातात येतो. तो आवाज आला की मला अजूनही बरं वाटतं. नाही आला तर ओढू नका. बर्फाचा खडा पितळाच्या वरच्या अंगाला लावून धरा, अर्ध्या मिनिटात सुटेल.

लागोपाठ मोहोरा उठवत असाल तर तिसऱ्या-चौथ्या मोहोरेपासून शिक्का चिकटायला लागतो. तुमचा हात बिघडलेला नसतो, पितळ तापलेलं असतं. दर दोन मोहोरांनंतर त्याला बर्फावर विसावा द्या.

मोहोर पूर्ण घट्ट व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. मग पट्टीने जाडी बघा. दोन मिलिमीटरच्या आतली मोहोर मी टपालासाठी चांगली समजते. २५ मिलिमीटर व्यासाची आणि दोन मिलिमीटर जाडीची मोहोर सुमारे एक ग्रॅम भरते. पत्र वजनाच्या मर्यादेला टेकलेलं असेल तर तेवढंही हिशोबात धरा.

बाहेर, आत, की पाकिटाच्याही आत

मोहोर पाकिटाच्या बाहेरच का असावी, याचा एकदा विचार करून बघा. पूर्वी ती बाहेर असायची कारण पाकीटच नसायचं. ब्रिटनमध्ये १८४० पर्यंत टपालाचं शुल्क अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचं. पाकीट लावलं तर तो दुसरा कागद धरला जायचा आणि शुल्क वाढायचं. म्हणून पत्राचाच कागद घडी घालून बंद करत आणि घडीवर लाख लावत. १० जानेवारी १८४० पासून तिथे अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला अंतर न बघता एकच पेनी शुल्क झालं, कागद किती हा प्रश्नच संपला. पाकिटं रुळली, पुढे त्यांना तयार डिंक आला, आणि कुलूप म्हणून लाखेचं काम तिथेच संपलं.

आज मोहोर कुलूप नाही. ती पाठवणाऱ्याच्या हाताची खूण आहे. मग ती पत्र उघडणाऱ्याला दिसली म्हणजे झालं. रुळांना आणि पोत्यांना ती दाखवायची गरज नाही. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मला सगळ्यात जास्त आवडणारी पद्धत त्यातूनच निघाली.

पत्र ए-फोर कागदावर लिहा आणि त्याची तीन समान भागांत तिहेरी घडी घाला. घडी ९९ बाय २१० मिलिमीटरची होते आणि ११० बाय २२० च्या लांब पाकिटात नीट बसते. पाकिटात घालण्याआधी घडीची मोकळी कड खालच्या थरावर मोहोरेने बंद करा. मोहोरेखालून एक जाड सुती दोरा आडवा जाऊ द्या, त्याचं एक टोक बोटभर बाहेर ठेवा. उघडणाऱ्याने मोहोर एका बोटाने धरायची आणि टोक ओढायचं, कागद न फाटता मोकळा होतो. मग हे मोहोरबंद पत्र साध्या पाकिटात घालून पाठवा. पाकीट यंत्रातून जाताना कागदाच्या घड्या मोहोरेला दोन्ही बाजूंनी आधार देतात. पाकिटाच्या रिकाम्या भागात मोहोरेच्या जाडीइतका कोऱ्या कागदाचा थर घातला तर उंचवटा जवळपास नाहीसा होतो.

दोऱ्याऐवजी पत्राच्याच कडेची कागदी पट्टी कापून ती घडीतून ओवता येते. जुन्या लोकांचा यात हातखंडा होता. स्कॉटलंडची राणी मेरी हिने ८ फेब्रुवारी १५८७ रोजी, शिरच्छेदाच्या काही तास आधी, आपल्या दिराला, फ्रान्सच्या तिसऱ्या हेन्रीला शेवटचं पत्र लिहिलं. ते तिने त्याच कागदातून कापलेल्या पट्टीने, घडीला छेद देऊन, ओवून बंद केलं होतं. पट्टी तोडल्याशिवाय पत्र उघडायची सोय नव्हती. तेवढं कौशल्य आपल्याला नको, पण एक साधी पट्टी आणि तिच्या टोकावर लहान मोहोर, एवढंही पत्राला फार देखणं करतं.

दुसरी वाट दोन पाकिटांची. आतल्या पाकिटावर मोहोर, बाहेरच्यावर पत्ता आणि तिकीट. लग्नाच्या पत्रिकांना किंवा एखाद्या खास पत्राला हे फार चांगलं. आतलं पाकीट बाहेरच्यापेक्षा थोडं लहान हवं, आणि मोहोरेवर बटर पेपरचा चौकोन ठेवा म्हणजे उकाड्यात ती बाहेरच्या पाकिटाला चिकटत नाही.

आणि तरीही बाहेरच लावायची असेल? लावा, तोही आनंद आहे. मग लवचिक लाख, लहान शिक्का, दोन मिलिमीटरच्या आतली जाडी, आणि मोहोर पाकिटाच्या कडांपासून लांब. सुटी मोहोर बटर पेपरवर आधी उठवून मग दुहेरी चिकटपट्टीने चिकटवण्यापेक्षा थेट कागदावर उठवलेली जास्त घट्ट बसते, कारण गरम लाख कागदाच्या तंतूंत शिरते. सुकी फुलं, मोती, दोरीची फुलपाखरं मोहोरेत रोवू नका. जिथे रोवलं तिथून ती फुटते. पाकीट टपालपेटीत न टाकता खिडकीवर द्या आणि तिकिटावरचा टपालाचा शिक्का हाताने मारायची विनंती करा. सगळीकडे ती मान्य होईल असं नाही, पण विचारायला काही जात नाही. पुढच्या प्रवासात पत्र यंत्रावर चढणारच नाही याची हमी मात्र त्याने मिळत नाही.

बिघडली तर

बिघडलेली मोहोर गरम असताना पुसायला जाऊ नका, डाग पसरतो. पाकीट पाच-दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. लवचिक लाख आखडते आणि खरखरीत कागदावरूनही कडेने सुरीचं पातं सारून बऱ्याचदा अख्खी उचलता येते. कागदाची साल थोडी निघाली तर त्याच जागेवर नवी मोहोर बसते आणि ते झाकलं जातं. काढलेली लाख टाकू नका, पुढच्या वेळी चमच्यात घाला. कागदाचे तंतू तेवढे वेचून काढा. चमचा गरम असतानाच कागदी रुमालाने पुसला तर स्वच्छ होतो, थंड झाल्यावर खरवडत बसावं लागतं.

रंगांबद्दल दोन शब्द. लाल कुठेही चालतो. व्हिक्टोरियन काळात इंग्रज लोक सुतकात काळी लाख वापरत, त्यामुळे जुन्या पत्रव्यवहाराची आवड असलेल्या कुणाला काळी मोहोर पाठवताना एकदा विचार करा. सोनेरी आणि रुपेरी लाखेत अक्षर उठून दिसतं, गडद लाखेत ते ओळखायला प्रकाश तिरका पडावा लागतो. गडद मोहोरेच्या उंच रेघांवर सोनेरी पेन हलकंच फिरवलं की तेही सुटतं.

आणि कुणालाही पाठवण्याआधी स्वतःच्या पत्त्यावर तीन पाकिटं पाठवा. एक बाहेर मोहोर लावलेलं, एक आत मोहोर असलेलं, एक दोन पाकिटांचं. तिन्हींच्या आत लाख कुठली, मणी किती, जाडी किती, टाकल्याची तारीख काय, हे लिहिलेली चिठ्ठी घाला. परत आली की टेबलावर शेजारी ठेवून बघा. तुमच्या वाटेवरचं टपाल काय सोसतं आणि काय नाही, ते त्या तीन पाकिटांइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

मावशीला मी नंतर दोऱ्याची मोहोर पाठवली. तिने दोरा न ओढता घडीखालून सुरी घालून मोहोर सबंध सोडवली, आणि ती आता तिच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात, पत्रासकट, उभी ठेवलेली आहे.